वर माती, खाली चहा

वाळूच्या लॅबमध्ये उभा जन्म काढलेल्या माणसाच्या घरात वाळू कुठे कुठे सापडते, हे त्याच्या बायकोला विचारावं. बुटात, पँटच्या दुमडीत, चष्म्याच्या केसमध्ये. एकदा तर डब्यातल्या दहीभातात! किस्स्यांचंही तसंच आहे. ते आपण मुद्दाम जमवत नाही. रोज थोडे थोडे अंगाला चिकटून घरी येतात, आणि एखाद्या दिवशी झटकायला घेतलं की ढीग होतो.

आमचं काम काय ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा वाळूचा ठेकेदार होता! मी कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलं. माझा विषय असा, की वाळू, माती, खडी, धान्य अशा दाण्यांच्या ढिगावर अचानक काही आदळलं, तर तो धक्का आत कसा पसरतो? तळ्यात दगड टाकला तर लाटा चारी बाजूंना सारख्या जातात. दाण्यांत तसं होत नाही. धक्का या दाण्याकडून त्या दाण्याकडे, त्याच्याकडून पुढच्याकडे, अशा साखळ्या धरून जातो. काही दाणे सगळा भार घेतात आणि त्यांना चिकटून बसलेले शेजारी मोकळेच राहतात. कुठली साखळी तयार होईल आणि कुठली मोडेल, हे आधी सांगता येत नाही. निदान मला तरी नाही. एवढ्यावर मी डॉक्टरेट केली, परदेशात जाऊन पेपर वाचले आणि निवृत्त झालो. तरी अजून रोज लॅबमध्ये जातो, कारण माझी विद्यार्थिनी वैशाली गावडे आता तिथली हेड आहे आणि तिनं माझी खुर्ची हलवलेली नाही.

सध्या मात्र माझी झोप उडाली आहे. कारण एक सही!

आमच्या लॅबचा असिस्टंट बंडा चौगुले हा जुना पैलवान. त्याची तालीम नदीकडच्या पेठेत. महापुरात नदी थेट कुस्तीच्या हौद्यात शिरली आणि तांबड्या मातीचा काळा गाळ करून गेली. तालीम पुन्हा बांधायची ठरली तेव्हा बंडा म्हणाला, "सर, नदीला लई सांगून बगितलं, ऐकत न्हाय. आता मातीच वर न्यायची." म्हणजे खाली मुलांची अभ्यासिका, कारण बाकडी उचलता येतात, आणि वर स्लॅबवर मातीचा हौदा! स्लॅब बांधणारा इंजिनिअर हुशार. तो म्हणाला, "मातीच्या वजनाची जबाबदारी माझी. वर पैलवान आदळणार, त्या धक्क्याचं कांबळे सर सांगतील." कांबळे सर म्हणजे मी.

तालमीचे अध्यक्ष घरी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "सर, तुमी व्हय म्हणला की कुस्ती. न्हाय म्हणला तर वर मॅट टाकतो. मग ह्या तालमीतली माती कायमची संपली बगा."

वरच्या हौद्यात माती भरून झाली, झेंडूची माळ घालून झाली आणि दाराला कुलूप लागलं. माझी सही होईपर्यंत आत कुणी पाय ठेवायचा नाही, असं मीच सांगून ठेवलंय. लॅबमध्ये तीच माती, तेवढीच जाडी घेऊन आम्ही लोखंडी वजनं टाकटाकून बघितली. वैशाली म्हणते आकडे बरोबर आहेत. ते आहेतच. पण मी बरोबर आहे का? सही करायला बसलो की हात थांबतो, आणि एकेक किस्सा आठवायला लागतो.

*

पहिला आईचा. वडील रस्त्याच्या गँगमध्ये होते. खडी पसरायची, वर मुरूम टाकायचा आणि जड लोखंडी धुम्मस उचलून उचलून जमीन ठोकत बसायचं. मी प्रोफेसर झाल्यावर आई एकदाच लॅब बघायला आली. मी उत्साहानं उंचावरून वजन सोडून दाखवलं. धप्प! वाळू थोडी उडाली. आई वाट बघत उभी राहिली.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"आन् ह्याचा पगार देत्यात?"

लॅबमधली पोरं तोंड दाबून हसायला लागली. मीही हसलो, काय करणार! आई हसली नाही. ती वाळूजवळ गेली, वजनानं पडलेल्या खड्ड्यात हात घालून बघितलं आणि म्हणाली, "तुज्या बानं जलमभर हेच केलं. एक सायेब कदी आला न्हाई इचारायला, की बाबा, धक्का खाली कुटं जातो."

ती चप्पल घालायला दाराशी गेली, तिथून वळली आणि म्हणाली, "तू इचारतोयास, ते बरं हाय."

त्यानंतर माझ्या कामावर पुष्कळ मोठ्या लोकांनी पुष्कळ लिहिलं. एवढं थोडक्यात कुणाला जमलं नाही.

*

बंडा नोकरीवर आला त्या पहिल्या दिवशी त्यानं लॅबमधला वाळूचा हौद बघितला, बूट काढले, वाकून वाळूला हात लावला आणि कपाळाला टिळा लावला. तालमीत मातीत उतरण्याआधी करतात तसा! मला वाटलं एक दिवस करेल. तो रोज करायला लागला. मग पोरं करायला लागली. पुढे पुढे वजन सोडण्याआधी सगळ्या बॅचनं रांगेनं वाळूला हात लावायचा, ही आमची पद्धतच पडली. कोल्हापूर सोडून हे दुसरीकडे कुठे झालं असतं, असं मला वाटत नाही.

एका वर्षी बाहेरून परीक्षक आले. कडक माणूस. टाय, हातात मॅन्युअल. पोरांच्या कपाळाला वाळू बघून त्यांनी भुवया चढवल्या. "ही कुठली प्रोसिजर? मॅन्युअलमध्ये दिसत नाही."

मी माझ्या कपाळावरची वाळू पुसायला लागलो. तेवढ्यात एक मुलगी अत्यंत गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "सर, सरफेस प्रिपरेशन!"

त्यांनी मान डोलावली आणि चक्क लिहून घेतलं! मी नंतर कितीतरी दिवस धास्तावलेला होतो, की आता विद्यापीठाकडून विचारणा येणार. काही आली नाही. पुढच्या वर्षी तेच गृहस्थ पुन्हा परीक्षक म्हणून आले. दारातच बूट काढले, वाळूशी वाकले आणि मला हळूच म्हणाले, "तुमचं ते प्रिपरेशन आधी करून घेऊ. मागच्या वेळी रीडिंग फार छान आली होती."

*

वैशाली चंदगडची. पीएचडी करताना शनिवारी एसटीनं गावाला जायची आणि सोमवारी छत्री, ओले बूट आणि काजूची पिशवी घेऊन लॅबमध्ये हजर! तिच्या अंतिम तोंडी परीक्षेला एक फार मोठे शास्त्रज्ञ आले होते. त्यांनी सगळा प्रबंध चाळला आणि म्हणाले, "गणित ठीक आहे. पण साखळीतून धक्का जातो म्हणजे काय, हे मला गणित न वापरता सांगा."

मला स्वतःला हे कधी जमलं नव्हतं!

वैशाली म्हणाली, "सर, तुम्ही कधी चंदगड गाडीनं गेलाय का?"

"नाही."

"गाडी गच्च भरलेली असते. बाहेर पाऊस, खिडक्या बंद. घाटात म्हैस आडवी आली आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. मागच्या टोकाला उभा असलेला माणूस पुढच्यावर, तो त्याच्या पुढच्यावर, असं करत सगळा धक्का थेट पुढे केबिनजवळच्या कंडक्टरला जाऊन बसला. मी मधोमध उभी होते, सर. माझ्या पिशवीतला एक काजू हलला नाही. मी त्या ओळीत नव्हते, एवढंच!"

शास्त्रज्ञ पुढे सरकून बसले. "मग?"

"मग कंडक्टर मागच्याला म्हणाला, ढकलतोस व्हय रं? तो म्हणाला, मी न्हाय, ह्येनं. ह्यो म्हणाला, मी न्हाय, त्येनं. असं करत चौकशी मागच्या आजोबांपर्यंत गेली. ते म्हणाले, मला काय इचारतोस, तुज्या डायवरला इचार!"

शास्त्रज्ञ मोठ्यांदा हसले. पण मोठा माणूस, सोडतोय होय! डोळे पुसत म्हणाले, "बरं, धक्क्याची ऊर्जा शेवटी कुठे जाते? दाणे एकमेकांवर घासतात, त्यात ती विरते, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या गाडीत ती कुठे गेली?"

"भांडणात, सर," वैशाली म्हणाली. "चंदगड येईपर्यंत सगळी संपते!"

डिग्री तिथल्या तिथे मिळाली. मला वाटतं, त्यात माझाही थोडा वाटा होता. पण खात्री नाही. बहुतेक एसटीचाच असावा.

*

आमच्याकडे वाळू यायची अण्णांकडून. अण्णा म्हणजे आदगोंडा पाटील, जैन शेतकरी घरातले. एमआयडीसीत त्यांची फाउंड्री. ओतकामाचे साचे वाळूचेच असतात, त्यामुळे वाळूबद्दल त्यांना आमच्याइतकीच माया! लॅबला लागेल तेवढी वाळू त्यांनी दिली आणि कधी आभारही मानू दिले नाहीत. "त्यात काय वो सर, वाळूच हाय, सोनं न्हाय," असं म्हणून विषय संपवायचे.

एकदा मी त्यांना आमचा खास प्रयोग बघायला बोलावलं. नाण्यांएवढ्या पारदर्शक प्लास्टिकच्या चकत्या एका चौकटीत रचायच्या आणि विशेष काचेतून बघायच्या. वरून दाब दिला की ज्या चकत्यांवर भार येतो, त्या उजळतात. बाकीच्या काळ्याच राहतात. अंधाऱ्या खोलीत वीज चमकल्यासारखी साखळी दिसते. इतकं सुंदर दिसतं की मला अजूनही बघताना गहिवरून येतं.

अण्णा बराच वेळ डोळा लावून बघत राहिले. मग बोट दाखवून म्हणाले, "ही उजळलीया ती कोण?"

"भार घेणारी."

"आन् ही काळी, तिला चिकटून बसलेली?"

"तिच्यावर काहीच नाही. मोकळी आहे."

अण्णांनी खिशातून मोबाईल काढला आणि धाकट्या भावाला फोन लावला. "जिन्नू, कामं टाकून हितं कॉलेजात ये. तुजा फोटो लावलाय ह्यांनी!"

अर्ध्या तासात धाकटे हजर! शांत माणूस. त्यांनी काचेतून बघितलं, अण्णांचं भाषण ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "सर, दाब आणि वाढवला तर?"

मी वाढवला. उजळलेली साखळी एकदम वाकली, मोडली आणि विझली. त्याच क्षणी ती शेजारची काळी चकती लख्ख पेटली!

धाकटे बाजूला झाले आणि म्हणाले, "अण्णाला दावा आता."

अण्णा पुन्हा वाकून बघायला लागले. बघतच राहिले. निघताना मात्र दोघं धाकट्यांच्या स्कूटरवर एकत्र बसून गेले. अण्णांची गाडी आमच्या आवारातच राहिली, ती नंतर ड्रायव्हर येऊन घेऊन गेला!

*

तालमीची माती नुसती माती नसते. तिच्यात ताक घालतात, तेल घालतात, हळद, लिंबू. तालमीचं काम आलं तेव्हा आम्ही तशीच माती लॅबमध्ये करायची ठरवलं. कृती बंडाची. बंडा कुठलीही गोष्ट छातीठोकपणे सांगतो आणि त्यातली अर्धी चुकीची असते, पण कुठली अर्धी ते आधी कळत नाही! ताक त्यानं इतकं ओतलं की लॅबमध्ये पंगत बसल्यासारखा वास सुटला. वैशालीनं तळाशी सेन्सर बसवले, तारा जोडल्या. माती मुरायला ठेवून आम्ही घरी गेलो.

सुट्टीनंतर येऊन बघतो तर कॉम्प्युटरवर सिग्नल! वर काही टाकलेलं नाही, कुणी हात लावलेला नाही, आणि सेन्सर मात्र बारीक बारीक धक्के दाखवतोय.

मी खुर्चीत बसून वैशालीला समजावायला लागलो, की बघ, ताक आंबतंय, दाणे आपोआप सरकतायत, आतल्या साखळ्या भार नसताना मोडतायत आणि जुळतायत. हे कुणी बघितलं नसेल! फळ्यावर समीकरण लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. म्हटलं, माझी चूक असेल, पण चूक नसली तर?

इतका वेळ बंडा टेबलाखाली शिरला होता. तो तिथूनच ओरडला, "सर, फळा थांबवा जरा!"

तारांच्या पेटीत त्यानं आपली गुळाची ढेप ठेवली होती, उंदरांपासून लपवून. पेटीचं झाकण काढलं तर मुंग्यांची एक लांबच लांब रांग सेन्सरच्या जोडावरून चाललेली!

बंडा टेबलाखालून बाहेर आला, फळ्याकडे बघितलं, मुंग्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "तुमची थेअरी माज्या गुळाकडं निगालीया, सर!"

वैशालीनं फळा पुसला. पण पुसायच्या आधी तिनं त्या समीकरणाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला. "असू दे सर," म्हणाली, "गणित बरोबर आहे." असं म्हणणारं माणूस मिळायला भाग्य लागतं.

*

हा अगदी छोटा. दाबल्यावर फुटणाऱ्या दाण्यांचा प्रोजेक्ट एका गटाला दिला होता. साधे चुरमुरे आणा म्हटलं. पोरं जयसिंगपूरची, त्यांनी घरचं लसणाचं भडंग आणलं! सकाळी उंच नळीत भरून ठेवलं. दुपारी बघतो तर नमुना निम्म्यावर आलेला. मी दमटपणा मोजला, तापमान मोजलं, रात्री घरी येऊन पुस्तकं काढली. शेवटी रिपोर्ट आला. त्यात निष्कर्षाखाली एकच वाक्य होतं: "नमुना पुन्हा उपलब्ध करून द्यावा. शक्यतो शेंगदाणे जास्त असावेत."

*

आता पुन्हा सहीकडे येतो, कारण तिथून सुटका नाही.

बंडाची नात ऋतुजा कुस्ती खेळते. इथली तालीम बंद, आणि मुलींना मातीत घेणारी दुसरी जवळ नाही, म्हणून ती आणि तिच्या मैत्रिणी पहाटेच्या एसटीनं दुसऱ्या गावच्या तालमीत जातात, तिथून तशाच शाळेत. मागच्या आठवड्यात ती बंडाबरोबर लॅबमध्ये आली. आम्ही मातीवर वजन सोडत होतो. ती कमरेवर हात ठेवून बघत होती. वजन पडलं, मी आकडा बघितला, मान हलवली, पुन्हा वर ओढायला सांगितलं. पुन्हा पडलं. पुन्हा मान हलवली.

"सर," ती म्हणाली, "ह्याला इचारलं काय, लागलं का म्हणून?"

"वजनाला लागत नाही, बाळ."

"मग त्याचं ऐकून काय करताय? आमाला टाकून बगा की!"

"ए, सरास्नी असं बोलत न्हाईत," बंडा गरजला. पण त्याच्या डोळ्यांत कौतुक मावत नव्हतं.

मी सांगितलं की पडणाऱ्यांची मला तेवढी काळजी नाही. माती भरपूर आहे, मऊ आहे, त्यांना फार लागणार नाही. म्हणजे असं मला वाटतं. काळजी खालच्यांची आहे. खाली मुलं वर्षभर मान खाली घालून अभ्यास करणार. वर दिवसाकाठी शंभर वेळा माणूस आदळणार. धक्का मातीतच विरला तर ठीक. पण एखादी साखळी थेट स्लॅबपर्यंत पोचली आणि रोज पोचत राहिली तर? मातीनं तो आजवर खाल्ला असेल, उद्या खाईल कशावरून?

"मग खाली बसून बगायचं कुणीतरी," ऋतुजा म्हणाली. तिच्या लेखी प्रश्न संपला होता.

वैशाली म्हणाली, "सर, सेन्सर लावते ना मी स्लॅबला."

"सेन्सरवर माझा विश्वास आहे गं. सेन्सर वाचणाऱ्या माझ्यावर नाही."

"मग खाली कोण बसणार?"

"मी," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच मी वाक्यात 'बहुधा' घातलं नव्हतं.

*

रविवारी सकाळी तालमीत गेलो. अध्यक्षांनी कुलूप काढलं. स्लॅबवाला इंजिनिअर होता. अण्णाही आले होते, धाकट्यांना घेऊन. ऋतुजा आणि तिच्या मैत्रिणींनी वरच्या हौद्यातली झेंडूची माळ उचलली, माती उकरून घेतली आणि मातीला हात लावला. मीही वाकलो. गुडघा कुरकुरला, पण वाकलो. ओली, गार, तेलकट माती. लॅबमधली वाळू इतकी वर्षं कपाळाला लावली, ही आज पहिल्यांदा.

मग मी खाली अभ्यासिकेत आलो. नवी बाकडी, नव्या रंगाचा वास. बरोबर हौद्याच्या खाली स्लॅबला पंख्याचा हूक होता. पंखा अजून बसवलेला नव्हता. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून तारेची जाळी आणली होती, ग्लास ठेवतात ती. ती त्या हुकाला तारेनंच आवळून बांधली आणि तिच्यात काठोकाठ भरलेला चहाचा एक ग्लास ठेवला. स्लॅब हलला तर जाळी हलणार. जाळी हलली तर चहा सांडणार. यात मला चुकायला काही जागाच नव्हती!

वैशालीला वर पाठवलं. सगळ्यांनाच पाठवलं. ज्याची सही, त्यानंच खाली बसावं.

बंडा जिन्यातून म्हणाला, "सुरू करताना हाक मारतो, सर."

"नको," मी म्हणालो, "हाक मारू नकोस. सुरू झालं हे कळलं तर नसलेला धक्काही मला जाणवेल. मी आहेच तसा. आणि आवाजानंही फसेन मी." असं म्हणून मी कानातलं ऐकायचं मशीन काढून खिशात टाकलं. त्याच्याशिवाय मला शेजारी तोफ उडाली तरी पत्ता लागत नाही. बंडाचे ओठ हलले, काहीतरी म्हणाला, आणि तो वर गेला.

मी बाकड्यावर बसलो आणि चहाकडे बघायला लागलो.

चहा स्थिर. वाफ येत होती. मी म्हटलं, पोरी अंग गरम करत असतील. कुस्तीआधी जोर-बैठका मारतातच. थोड्या वेळानं वाफ बंद झाली. मला वाटलं, ऋतुजा घाबरली असेल. पोर बोलायला धीट आहे, पण शेवटी पोरच. मग वाटलं, अध्यक्षांचं आणि इंजिनिअरचं काहीतरी वाजलं असणार. माझ्याविना सुरू कसं करायचं, म्हणून अडून बसले असतील. चहावर साय धरायला लागली. मग मनात आलं, की वैशालीला शेवटच्या क्षणी आकड्यात चूक सापडली आहे आणि ती मला कशी सांगायची याचा विचार करत ती वर उभी आहे. हुकाकडे बघितलं, तारेकडे बघितलं, पुन्हा चहाकडे. आई आठवली, वाळूच्या खड्ड्यात हात घालून उभी. वडिलांची धुम्मस आठवली. ते खाली कुणाला बसवून बघणार होते!

साय आता पूर्ण धरली होती. ग्लासभर, गुळगुळीत. तिच्यावर एक सुरकुती नव्हती.

शेवटी मला राहवेना. मी उभा राहिलो आणि छताकडे तोंड करून, प्रोफेसरकी सगळी विसरून, अस्सल आमच्या पेठेतल्यासारखा ओरडलो, "आरं, करा की सुरू!"

काही नाही. मग जिन्यात दोन पाय दिसले. मग सगळा बंडा दिसला. केसांत माती, कानांत माती, भुवया तांबड्या, बनियनची दशा झालेली. तोंड हलत होतं. मी गडबडीनं खिशातून मशीन काढून कानात घातलं.

"काय म्हणालास?"

"आवो सर, कवाच झालं की! मी सोता चारदा पडलो. अण्णा बी एकदा पडले, हौसंनं. मॅडम म्हणल्या, सर बगत बसल्यात, हाक मारू नगा. पोरी आंगूळ करून मागल्या जिन्यानं घरला बी गेल्या. तुमी आजून कशाची वाट बगालाय?"